मांडीमागच्या स्नायूंचे पुनर्वसन: मुलींच्या कबड्डी संघासोबतच्या प्रकल्प नोंदी

3 जून 2024

लालबागमधील एका मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघासोबत आजपासून काम सुरू झाले. खरा हंगाम दिवाळीनंतर रंगात येतो, त्यामुळे पावसाळ्याचे महिने हाताशी आहेत. पहिल्याच बैठकीत जुन्या दुखापतींची विचारपूस केली. कुणाची मांडी मागून धरते, कुणाच्या जांघेत पकडीनंतर कळ येते, कुणाची पोटरी गेल्या हंगामात फाटली होती. उपचार मात्र जवळजवळ प्रत्येकीने एकच केलेला आहे: दुखायचे थांबेपर्यंत घरी बसायचे आणि दुखणे थांबले की थेट मॅटवर उतरायचे.

या प्रकल्पाचा रोख याच शिरस्त्यावर आहे. देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय 1953 मध्ये इथून जवळच, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले आणि हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून काम करते आहे. इतक्या जवळ इतके ज्ञान असूनही गिरणगावातल्या मॅटवर स्नायूची दुखापत आजही मलम, मालीश आणि विश्रांती यांवरच सोपवली जाते, ही गोष्ट मला गेली अनेक वर्षे खटकत आली आहे. नेमका व्यायाम हाच स्नायूचा मुख्य उपचार आहे आणि औषधाप्रमाणेच त्याला मात्रा, वेळ आणि क्रम असतो, एवढे या संघाच्या अंगवळणी पडावे, असा माझा प्रयत्न राहील.

11 जून 2024

खेळाडूंच्या पायाभूत चाचण्या घेतल्या. बळ मोजण्याची महागडी यंत्रे आमच्याकडे नाहीत, म्हणून रक्तदाब मोजायचा हवेचा पट्टा वापरला. खेळाडूने पाठीवर झोपायचे, खुबा आणि गुडघा काटकोनात ठेवून टाच खुर्चीवर टेकवायची, टाचेखाली पाऱ्याच्या 10 मिलिमीटरपर्यंत फुगवलेला पट्टा ठेवायचा आणि टाचेने तो शक्य तितक्या जोराने दाबायचा. काटा कुठवर चढतो ते दोन्ही पायांसाठी लिहून घ्यायचे. हाच पट्टा दोन गुडघ्यांमध्ये धरून दाबला की जांघेच्या स्नायूंचे बळ कळते. याशिवाय टाच पेटीवर ठेवून एका पायावर कंबर उचलण्याची चाचणी घेतली. तीत पंचविसाच्या आसपास आवर्तने व्हावीत अशी अपेक्षा असते.

ज्या मुली 'आता काहीच त्रास नाही' असे ठामपणे सांगत होत्या, त्यांच्यातल्याच काहींचा पूर्वी दुखावलेला पाय टाच दाबण्याच्या आणि कंबर उचलण्याच्या दोन्ही चाचण्यांत स्पष्टपणे मागे पडला. मांडीमागच्या स्नायूंच्या बाबतीत आधीची दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सर्वांत भरवशाची पूर्वसूचना असते, हे संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. पट्ट्याचा काटा मुलींनी स्वतः वाचला, त्यामुळे ते मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

24 जून 2024

संध्याकाळच्या सरावात सतरा वर्षांची चढाईपटू जायबंदी झाली. बचावपटूला टिपण्यासाठी तिने उजवा पाय लांबवला होता. गुडघा जवळजवळ सरळ होता आणि धड पुढे झुकलेले होते. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मुलीने तिचा घोटा पकडला आणि सुटण्यासाठी तिने सारे अंग मध्यरेषेकडे झोकून दिले. बाजूला येऊन ती म्हणाली, "ताई, बसायच्या हाडाजवळ काहीतरी ओढल्यासारखं झालं." चालताना पाऊल आखूड पडत होते. पालथे झोपवून तपासले तेव्हा कुल्ल्याच्या घडीखाली, बैठकीच्या हाडाच्या अगदी जवळ, बोटभर जागेत नेमके दुखत होते. खळगा हाताला लागला नाही, काळेनिळेपणही नव्हते.

मांडीमागे तीन स्नायू असतात आणि ते कसे दुखावले जातात यावर बरे होण्याचा काळ अवलंबून असतो. भरधाव धावताना, पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी, बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस फाटतो. ती दुखापत सुरुवातीला भयंकर वाटते पण तुलनेने लवकर भरून येते. पाय ताणला जाऊन होणारी दुखापत आतल्या बाजूच्या सेमिमेम्ब्रेनोसस या स्नायूत, हाडाजवळ, होते. ती पहिल्या दिवशी किरकोळ भासते आणि नंतर महिनोन्‌महिने रेंगाळते. स्वीडनमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत धावपटूंना पूर्वपदावर यायला मध्यमानाने 16 आठवडे लागले, तर ताणाने दुखावलेल्या नर्तकांना 50. आमच्या चढाईपटूची दुखापत दुसऱ्या जातीची दिसते, म्हणून तिला आणि प्रशिक्षक सरांना आजच सांगून ठेवले की मुदतीची घाई करता येणार नाही.

वय लक्षात घेऊन आधी एक्स-रे काढायला पाठवले. या वयात बैठकीच्या हाडाचे वाढीचे टोक मूळ हाडाला पुरते जुळलेले नसते आणि जोरदार हिसक्याने स्नायूऐवजी ते टोकच निघून येऊ शकते. तसे असेल तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडेच जायला हवे. 'फट्' असा आवाज येणे, पायावर भार न पेलणे किंवा मांडीभर निळा डाग पसरणे, यांपैकी काही दिसले तरी तोच नियम.

26 जून 2024

एक्स-रेमध्ये हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली. आजपासूनच भार सुरू केला.

दुखापतीनंतर दोनच दिवसांत व्यायाम कशाला, असा प्रश्न तिच्या घरून आला आणि तो रास्त होता. डेन्मार्कमध्ये हौशी खेळाडूंवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मांडी किंवा पोटरी फाटलेल्या 50 जणांचे दोन गट केले होते. एका गटाचे पुनर्वसन दुखापतीनंतर 2 दिवसांनी सुरू झाले, दुसऱ्याचे 9 दिवसांनी. पहिल्या गटाचे खेळाडू मध्यमानाने 62.5 दिवसांत खेळायला परतले, दुसऱ्याचे 83 दिवसांत. फरक सुरुवातीच्या एका आठवड्याचा, पण अखेरीस तो तीन आठवड्यांच्या घरात गेला. हा आकडा मी तिच्या आईला मुद्दाम लिहून दिला.

आजची मात्रा साधी आहे. पाठीवर झोपून, गुडघा बराच दुमडून, टाच जमिनीत दाबायची, दहा सेकंद धरायचे, सोडायचे, असे पाच वेळा, दिवसातून तीनदा. वेदना शून्य ते दहाच्या मापावर तीनच्या पुढे जाऊ द्यायची नाही आणि दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असता कामा नये. थोडी वेदना चालवून घेतल्याने खेळाडू लवकर परततो असे नाही, पण बळ अधिक भरून येते, असे ऑस्ट्रेलियातील 2020 च्या एका अभ्यासात दिसले आहे. जपून का होईना, चालणे चालू ठेवायचे. कॉलेजच्या कठीण बाकावर सलग बसायचे नाही, कारण तिथे दुखरी जागाच दाबली जाते; ओणवे होऊन पाय ताणण्याचे व्यायाम सध्या पूर्ण बंद.

आजीने आंबेहळदीचा लेप लावला होता. लेपाला माझी हरकत नाही, जोराने चोळण्याला मात्र आहे, कारण पहिल्या काही दिवसांत त्याने आतला रक्तस्राव वाढतो. बर्फाचा उपयोग वेदना कमी करण्यापुरता, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र ज्यांनी 1978 मध्ये रूढ केले, त्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे म्हटले आहे.

1 जुलै 2024

आखूड पावले गेली, जिन्याची उतरंड सावकाश जमते. स्नायू लांबवत भार देणाऱ्या व्यायामांपैकी पहिला सुरू केला: पाठीवर झोपून दोन्ही हातांनी मांडी उभी धरायची आणि गुडघा संथपणे, वेदना सुरू होण्याच्या अलीकडपर्यंत, सरळ करायचा. बारा आवर्तनांच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. स्वीडिश संशोधक कार्ल आस्कलिंग यांच्या 2013 च्या चाचणीतून हा क्रम घेतला आहे. त्या चाचणीत 75 फुटबॉलपटूंपैकी लांबवणारे व्यायाम करणाऱ्यांना परतायला सरासरी 28 दिवस लागले आणि नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना 51.

8 जुलै 2024

मध्यरात्रीनंतरच्या सहा तासांत शहराच्या काही भागांत 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, रुळांवर पाणी आले आणि सराव रद्द झाला. चढाईपटूचे सत्र व्हिडिओ कॉलवर घेतले आणि ते अपेक्षेहून चांगले झाले.

चाळीतली दहा बाय बाराची खोली, गुळगुळीत लाद्या आणि एक जुना टॉवेल, एवढ्यावर मांडीमागच्या स्नायूंचा उत्तम व्यायाम होतो. टॉवेलवर दोन्ही टाचा ठेवून पाठीवर झोपायचे, कंबर उचलायची आणि चार अंक मोजत टाचा पुढे सरकवत पाय सरळ करायचे. कंबर खाली टेकवून पाय मागे घ्यायचे आणि पुन्हा सुरुवात. मोबाइल तिच्या पायांच्या दिशेने जमिनीलगत ठेवायला सांगितला, कारण दोष तिथूनच दिसतो. पाय अर्ध्याहून अधिक लांबले की तिच्या कमरेची उजवी बाजू किंचित खाली जात होती आणि टॉवेल तिरका सरकत होता, म्हणजे अखेरच्या टप्प्यातला भार ती डाव्या पायाकडे ढकलत होती. शिवाय पोटरीत गोळे येत होते. पावलांचे चवडे स्वतःकडे ओढून टाच रोवायला सांगितली तेव्हा गोळे थांबले. कमरेसाठी सरकण्याचे अंतर कमी केले आणि दोन्ही बाजू समपातळीत राहतात तेवढेच जायचे ठरवले. सहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

15 जुलै 2024

"ताई, आता अजिबात दुखत नाही." हे वाक्य आज आले. पुढच्या आठवड्यात एका स्पर्धेसाठी निवड चाचणी असल्यामुळे सरही भेटले. "मॅडम, पोरगी चालतेय, हलकं पळतेय. मग थांबवायचं कशासाठी?"

पुनर्वसनातला सर्वांत धोक्याचा टप्पा हाच असतो. रोजच्या हालचालींतले दुखणे थांबते ते दाह ओसरल्यामुळे आणि जखमेत नवी ऊती भरून आल्यामुळे, पण स्नायूची घडण तेव्हा पूर्ण झालेली नसते. पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी फाटलेल्या तंतूंचा कचरा साफ करतात. मग तंतूंच्या कडेला सुप्तावस्थेत असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन नवे स्नायुतंतू उभारू लागतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या त्या याच पेशी. बरोबरीने जोडऊतीचा व्रणही तयार होतो. हा व्रण कोणत्या दिशेने आणि किती मजबूत विणला जाईल, हे त्याला मिळणाऱ्या भारावर ठरते. सुतळी वळताना ताण नसेल तर पीळ बसत नाही, तसेच इथे आहे. विश्रांतीतून वेदना जाते. हा पीळ मात्र विश्रांतीने बसत नाही. शिवाय मेंदू दुखावलेल्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, विशेषतः तो लांबलेला असताना, आणि चढाईत नेमकी तीच स्थिती येते.

सरांसमोरच पट्ट्याची चाचणी घेतली. गुडघा काटकोनात असताना दोन्ही पायांत थोडाच फरक होता. गुडघा जवळजवळ सरळ करून तीच चाचणी घेतली तेव्हा उजव्या पायाचा आकडा डाव्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला. वेदना दोन्ही वेळा शून्य. सरांनी काट्याकडे बघितले, मग तिच्याकडे, आणि तिचे नाव निवड चाचणीच्या यादीतून काढले. खेळाडू रडली. हा निर्णय तिच्यासाठी फार जड आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि म्हणूनच तिच्या परतण्याचे निकष आजच लेखी ठरवून तिच्या हातात दिले: स्नायू लांबवून घेतलेल्या चाचणीत दोन्ही पायांतला फरक दहा टक्क्यांच्या आत, पूर्ण वेगाने धावून वेदना नाही, आणि पाय झटक्याने उचलताना मनात धास्ती नाही. तारीख कुठेही लिहिली नाही.

22 जुलै 2024

एका बचावपटूच्या मांडीवर पुढून गुडघा बसला. मुका मार असल्यामुळे इथे उपाय वेगळा: लगेच गुडघा सोसवेल तितका, सुमारे 120 अंशांपर्यंत, दुमडून पट्टीने बांधला आणि दिवसभर तसाच ठेवला. स्नायू लांबलेल्या अवस्थेत राहिल्याने आत साचणाऱ्या रक्ताला जागा कमी मिळते. अमेरिकी नौदल अकादमीतील प्रशिक्षणार्थींवर ही पद्धत यशस्वी ठरली आहे. मालीश पूर्ण वर्ज्य. अशा मारावर चोळल्याने स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो.

29 जुलै 2024

चढाईपटूच्या क्रमात दोन व्यायाम वाढवले. पहिल्यात एका पायावर उभे राहून, गुडघा जरासा वाकवून, हात पुढे आणि दुसरा पाय मागे लांबवत झुकायचे. सहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दुसऱ्यात एका हाताने दाराची चौकट धरून, भार पुढच्या टाचेवर ठेवून, मोजा घातलेला मागचा पाय लादीवरून मागे सरकवत न्यायचा आणि हातांच्या जोरावर परत यायचे; चार आवर्तनांच्या तीन फेऱ्या, दर तिसऱ्या दिवशी. दुसरा व्यायाम कडक आहे, म्हणून त्याची आवर्तने कमी आणि विश्रांती जास्त. ज्या खेळाडूंना 'जास्त केले तर लवकर बरे होईन' असे वाटते, त्यांना हे अंतर पाळायला लावणे हेच अर्धे काम असते.

बाकीच्या संघासाठी नॉर्डिक व्यायाम सुरू केला. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदारणीने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून जितके सावकाश जमेल तितके पुढे झुकत जायचे. तोल सुटला की हात टेकायचे. घरी जोडीदारीण नसेल तर लोखंडी कॉटच्या खालच्या दांडीत, उशी घालून, टाचा अडकवता येतात. पहिल्या आठवड्यात एकच सत्र, पाच आवर्तनांच्या दोन फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सत्रे. डेन्मार्कमधील 942 फुटबॉलपटूंवरच्या 2011 च्या चाचणीनंतर या व्यायामाचा दबदबा वाढला, आणि 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले असता तो करणाऱ्या संघांत मांडीमागच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. सुरुवातीला दोन-तीन दिवस मांड्या ठणकतील, हे आधी सांगून ठेवले. न सांगितल्यास मुली त्यालाच दुखापत समजतात आणि व्यायाम सोडतात.

9 ऑगस्ट 2024

चढाईपटूचे धावणे सुरू. आधी सरळ रेषेत निम्म्या वेगाने, मग वेग वाढवत; वेग वाढवणे आणि थांबणे यांसाठी आधी लांब अंतर, मग हळूहळू आखूड. नंतर मागे पळणे, बाजूला सरकणे आणि सर्वांत शेवटी पाय लांबवून टिपणे. आज पहिल्या दोन पायऱ्या झाल्या.

28 ऑगस्ट 2024

काल दहीहंडी होती. संघातल्या काही मुली गोविंदा पथकात आहेत आणि सरावाच्या काळात त्यांच्या पोटऱ्या व मांड्यांवर दुहेरी भार येत होता, त्यामुळे त्यांचा नॉर्डिक आठवड्यातून एकावर आणला होता. चढाईपटू यंदा थरात उभी राहिली नाही. तो निर्णय तिने स्वतः घेतला.

20 सप्टेंबर 2024

गणेशोत्सवात सराव जवळजवळ बंद होता, आणि लालबागमध्ये ते टाळण्याची अपेक्षा करणेही चूक ठरेल. तरी व्यायामशास्त्राच्या दृष्टीने हा खंड महाग पडतो. नॉर्डिकने स्नायुतंतूंच्या जुड्या लांब होतात आणि हीच लांबी संरक्षण देते; व्यायाम थांबवल्यावर दोन आठवड्यांतच ती पूर्ववत होते, असे ऑस्ट्रेलियातील 2018 च्या अभ्यासात दिसले. त्याच अभ्यासातली दिलासादायक बाब अशी की थोड्या मात्रेनेही लाभ जवळपास तेवढाच झाला. म्हणून पुढच्या वर्षी उत्सवाच्या काळात आठवड्याला एक छोटे सत्र, मंडपाच्या कामावर जाण्याआधी, एवढेच ठेवायचे असे मुलींनीच ठरवले.

चढाईपटूने मात्र घरी खंड पडू दिला नव्हता. लांबवलेल्या स्थितीतला फरक निकषात बसला, पूर्ण वेगाची धाव वेदनेशिवाय झाली. शेवटची चाचणी घेतली: गुडघा पट्टीने सरळ बांधून, पाठीवर झोपून, पाय शक्य तितक्या वेगाने वर झटकायचा. पाय वर गेला, पण अखेरच्या टप्प्यावर तिने तो स्वतःच आवरला. "दुखलं नाही ताई, पण भरवसा वाटला नाही." आस्कलिंग यांच्या पद्धतीत अशी धास्ती असेल तर खेळाडूला परत पाठवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आणखी दोन आठवडे मागितले. या वेळी ती रडली नाही; पुढच्या सत्राची वेळ विचारून घरी गेली.

4 ऑक्टोबर 2024

चाचणी पुन्हा घेतली. तीनही झटके मोकळे, दोन्ही पाय सारखे. पूर्ण सरावाला परवानगी दिली. पहिले दोन आठवडे चढायांची संख्या मर्यादित ठेवायची आणि घोटा पकडून ओढण्याचा सराव आधी ओळखीच्या बचावपटूसोबत, ठरवून, करायचा. मूळ दुखापत त्याच स्थितीत झाली होती आणि मॅटवर ती स्थिती पुन्हा येणारच आहे.

18 ऑक्टोबर 2024

संघाकडे काम सोपवण्याची बैठक झाली. हवेचा पट्टा आणि नोंदवही मंडळाच्या कपाटात राहील, आणि दर महिन्याच्या पहिल्या सरावात प्रत्येकीच्या दोन्ही पायांची नोंद कर्णधार करेल. हंगामात नॉर्डिक आठवड्यातून एकदा, सामन्याच्या आदल्या दिवशी कधीही नाही. कोपऱ्यावरच्या बचावपटूंच्या जांघेचे आकडे अजून मनाजोगे नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोपनहेगन व्यायाम वाढवला: कुशीवर झोपून, वरचा पाय जोडीदारणीच्या हातात किंवा बाकावर ठेवून, कंबर उचलायची. नॉर्वेतील 2019 च्या चाचणीत यामुळे जांघेच्या तक्रारी 41 टक्क्यांनी घटल्या होत्या. सुरुवात गुडघ्याखाली आधार देऊन करायची, नंतर आधार घोट्याकडे न्यायचा. चढाईपटूने स्वतःच्या क्रमाव्यतिरिक्त या दोन बचावपटूंची जबाबदारी मागून घेतली आहे. त्यांची पहिली नोंद सोमवारी घ्यायची आहे.